सेलमध्ये घेतलेली दुर्बीण

ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट. दुपारच्या सुट्टीत शिक्षक-खोलीत डबे उघडले होते. शेजारच्या सरांच्या मोबाईलवर एक जाहिरात आली आणि त्यांनी मोबाईल आमच्यापुढे धरला. आकाश पाहण्याची दुर्बीण, ६७५ पट मोठे दाखवणारी. मूळ किंमत १४,९९९ रुपये, त्यावर लाल रेघ. खाली ठळक आकड्यांत ४,४९९. म्हणजे ७० टक्के सूट. त्याखाली एक घड्याळ उलटे चालत होते : २ तास ११ मिनिटे शिल्लक. आणि सगळ्यात खाली, ‘फक्त ३ नग उरले’.

आमची शाळा कोकणातल्या एका तालुक्याच्या गावची, उर्दू माध्यमाची. विज्ञान मंडळ आमच्याकडे आहे. मंडळाच्या डब्यात त्या दिवशी ३,१५० रुपये होते. सहावी ते आठवीच्या मुलामुलींनी दोन वर्षांत ते जमवले होते. कोणी ईदीतून दहा-वीस रुपये दिले होते, कोणी घरची रद्दी विकून. पैसे कशासाठी, हेही मुलांनीच ठरवले होते. ‘सर, चाँद जवळून बघायचा,’ एवढीच त्यांची मागणी.

मुख्याध्यापिका आपा म्हणाल्या, ‘सर, कोणा जाणकाराला विचारून घ्या.’ आम्ही म्हणालो, ‘आपा, विचारेपर्यंत संपेल.’ कमी पडणारे १,३४९ रुपये आम्ही खिशातून घातले आणि बटण दाबले. दोन वर्षे साठवलेल्या पैशांचा निकाल पाच मिनिटांत लागला. वर समाधान हे, की आपण दहा हजार रुपये वाचवले!

सेलचा मोसम पुन्हा दारात आला आहे. तुमच्याही मोबाईलवर तेच घड्याळ उलटे चालू लागले असेल. वस्तू दुर्बीण नसेल. मिक्सर असेल, मोबाईल असेल, मुलांचे बूट असतील. म्हणून आमची फजिती आधी सांगतो, मग तिच्यातून काय उमगले ते.

पेटी उघडल्यावर

पेटी आली तेव्हा दिवाळीची सुट्टी लागत होती. ती कपाटात ठेवून आम्ही कुलूप लावले. नोव्हेंबरमध्ये शाळा उघडली, पाऊस संपून आकाश स्वच्छ झाले होते. मग मगरिबनंतर मैदानात मुले जमली, काहींच्या अम्मी-अब्बूही आले. पेटीवर शनीच्या कड्यांचे आणि रंगीत तेजोमेघांचे झगझगीत चित्र होते. आत हाताच्या बोटाएवढ्या जाड पायांची पत्र्याची तिवई, एक लांब नळी आणि डोळा लावण्याची तीन भिंगे निघाली. त्यांना आयपीस म्हणतात.

आम्ही सरळ सगळ्यात जास्त पट दाखवणारी जोडणी लावली. ६७५ पट म्हणून तर पैसे दिले होते. डोळा लावला तर पांढरे धुके. नळीला बोट लागले की ते धुके थरथरायचे आणि थांबायला चार-पाच सेकंद लागायचे. थांबेपर्यंत चंद्र निसटून जायचा. खाडीवरून वारा सुटला तेव्हा तर तिवईच डोलू लागली. रांग लांब होती. एकामागून एक मूल डोळा लावी आणि काही न बोलता बाजूला होई.

सातवीतली एक मुलगी बराच वेळ वाकून पाहत राहिली. मग म्हणाली, ‘दिसला, सर.’ काहीही दिसत नव्हते, हे आम्हाला माहीत होते. तिने आमची लाज राखली होती. त्या डब्यात तिच्या ईदीचे पन्नास रुपये होते.

दुसऱ्या दिवशी वस्तू परत करायला गेलो तर परतीची सात दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती. तक्रारीला ‘आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे’ असे उत्तर आले आणि विषय संपला.

आकडा खोटा नव्हता

मग आम्ही जे आधी करायला हवे होते ते केले, म्हणजे गणित मांडले. ते सातवीच्या मुलालाही जमेल असे आहे. दुर्बीण किती पट मोठे दाखवते, हे काढायला मुख्य भिंगाच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागायचे. आमच्या दुर्बिणीचे नाभीय अंतर ९०० मिलिमीटर. सर्वांत लहान आयपीस ४ मिलिमीटरचे. ९०० भागिले ४ म्हणजे २२५. सोबत बार्लो नावाचे तिप्पट करणारे भिंग होते. २२५ गुणिले ३, झाले ६७५. म्हणजे पेटीवरचा आकडा खोटा नव्हता. पण तो उपयोगाचाही नव्हता.

दुर्बिणीचे खरे काम प्रकाश गोळा करणे. तो किती गोळा होतो आणि चित्रात किती बारकावे उतरतात, हे पुढच्या भिंगाच्या व्यासावर ठरते. साधारण हिशेब असा, की व्यास जितके मिलिमीटर त्याच्या दुप्पट पटींपर्यंतच चित्र चांगले राहते. आमचे भिंग ६० मिलिमीटरचे. म्हणजे मर्यादा १२० पट, तीही हवा स्थिर आणि तिवई भक्कम असेल तर. त्यापुढे बारकावे वाढत नाहीत, धूसरपणाच मोठा होतो. एका रोटीचे तूप शंभर रोट्यांना फासले तर एकही रोटी तुपाची लागत नाही, तसेच हे. ४५ पटींवरून ६७५ वर गेले की तोच प्रकाश २२५ पट जागेवर पसरतो.

पेटीवर ‘६७५’ हाताच्या पंज्याएवढे छापले होते. ‘६० मिलिमीटर’ तळाशी मुंगीच्या अक्षरांत होते.

हे कळले तेव्हा लहानपणी मदरशात ऐकलेली हदीस आठवली. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आत बोटांना ओल लागली. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणुकीविरुद्ध कडक ताकीद दिली. त्या व्यापाऱ्याने खोटे काही सांगितले नव्हते. कोरडे वर ठेवले होते आणि ओले खाली, एवढेच.

उलटे घड्याळ

पण सगळा दोष विकणाऱ्यावर टाकून आम्हाला सुटता येणार नाही. आपांनी थांबायला सांगितले होते, थांबलो नाही ते आम्ही. का थांबलो नाही, याचा विचार केल्यावर सेलची यंत्रणा ध्यानात आली.

पहिली गोष्ट रेघ मारलेली किंमत. १४,९९९ रुपयांना ती दुर्बीण कधी कोणी घेतली होती का, हे आम्ही विचारलेच नाही. मोठा आकडा आधी दिसला म्हणून लहान आकडा स्वस्त वाटला. दुसरे ते घड्याळ. वेळ कमी आहे असे वाटले की माणूस वस्तू बरी की वाईट हे पाहत नाही, हातातून जाईल एवढेच पाहतो. तिसरे, ‘फक्त ३ नग उरले’ आणि ‘आत्ता इतके जण ही वस्तू पाहत आहेत’ असल्या ओळी. आठवडाभराने कुतूहलाने पाहिले तेव्हाही तीनच नग उरले होते!

खरेदी करायची नसताना दुसऱ्याला भरीस घालण्यासाठी खोटी बोली लावणे, याला इस्लामी व्यवहारशास्त्रात ‘नजश’ म्हणतात आणि त्याला मनाई आहे. तेव्हा लिलावात माणूस उभा करावा लागे, आता एक ओळ लिहिली की भागते. आपल्या देशाच्या कायद्यानेही याची दखल घेतली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन व्यवहारांतील फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत अशा १३ क्लृप्त्या नोंदवल्या आहेत. खोटी घाई लावणे ही त्यांतलीच एक. न मागता टोपलीत एखादी वस्तू घुसडणे आणि शेवटच्या पानावर किंमत वाढवणे, याही त्यांत आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आम्हाला तो उशिरा कळला. तुम्ही आजच भिंतीवर लिहून ठेवा.

शुक्रवार काळा आणि पांढरा

अशा सेलची मोठी जत्रा अमेरिकेत भरते. तिथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो. देवाचे आणि माणसांचे आभार मानायचा हा दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशी नाताळच्या खरेदीला तोंड फुटते आणि त्या दिवसाला ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणतात. हे नाव रूढ केले ते १९५०-६० च्या सुमारास फिलाडेल्फिया शहरातल्या पोलिसांनी, गर्दीने आणि वाहतुकीने जीव मेटाकुटीला येई म्हणून. त्या दिवशी दुकानदार तोट्यातून नफ्यात येतात, म्हणजे वहीतली लाल शाई काळी होते, हे गोड स्पष्टीकरण नंतर चिकटवले गेले. २८ नोव्हेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कजवळच्या एका मोठ्या दुकानात पहाटे दार मोडून गर्दी आत घुसली आणि एक कर्मचारी पायांखाली चिरडून मेला. आदल्याच दिवशी सगळ्यांनी आभार मानले होते.

लहान दुर्बिणी तिथे याच दिवसांत नाताळची भेट म्हणून खपतात. तिथले जुने आकाशनिरीक्षक आमच्यासारख्या दुर्बिणींना ‘हौस मारणाऱ्या दुर्बिणी’ म्हणतात. मूल हौसेने डोळा लावते, धुके पाहते आणि समजते की आकाशात पाहण्यासारखे काही नाही. पेटी माळ्यावर जाते. पैशांपेक्षा हे नुकसान मोठे.

अरब देशांत हा सेल पोहोचला तेव्हा जुम्याला काळा कसा म्हणायचा, हा प्रश्न आला. दुबईच्या एका ऑनलाइन दुकानाने २०१४ मध्ये त्याचे नाव ‘व्हाइट फ्रायडे’ ठेवले. रंग बदलला, घड्याळ तेच राहिले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला आपल्याकडे एका मोठ्या ऑनलाइन दुकानाने एक दिवसाचा महासेल लावला. गर्दीने यंत्रणा कोलमडली, किमतींवरून ओरड झाली आणि दुसऱ्या दिवशी मालकांना ग्राहकांची माफी मागावी लागली. पण त्यानंतर सेल बंद झाले नाहीत, एका दिवसाचे अनेक दिवस झाले.

हे वाचून अमेरिकेला किंवा शेजाऱ्याच्या दिवाळीला नावे ठेवायला आपण मोकळे आहोत, असे मात्र नाही. रमजानच्या शेवटच्या दहा रात्री कशासाठी आहेत, हे आपल्या घरातले लहान मूलही सांगेल. आणि त्या रात्री आपण कुठे असतो, हेही तेच मूल सांगेल. मशिदीच्या सफा रिकाम्या होत जातात आणि कपड्यांच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. चाँद रातीला पहाटेपर्यंत बांगड्या, चपला, पडदे, क्रोकरी. तिथेही ‘आज शेवटचा दिवस’ म्हणून भाव ठरतो आणि आपण तो देतो. ईदला नवे कपडे घालणे आनंदाचे, त्याला कोणाची हरकत नाही. पण कुरआनने खाण्यापिण्याची मोकळीक देताना त्याच जागी इस्राफपासून रोखले आहे. इस्राफ म्हणजे हलाल गोष्टीतही गरजेपलीकडे जाणे. आमची दुर्बीण हलाल होती, हेतूही चांगला होता. तरी घाईने त्यातली बरकत गेली.

मुलांपुढे हिशेब

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही परिपाठात मुलांपुढे हिशेब मांडला. पैसे किती होते, किती घातले, काय चुकले, सगळे. फळ्यावर ९०० भागिले ४ करून दाखवले. म्हणालो, ज्याला आपले पैसे परत हवेत त्याला आम्ही देऊ. कोणी हात वर केला नाही. सातवीतली तीच मुलगी उभी राहिली. ‘सर, पैसे नकोत. पण पुढच्या वेळी आम्हाला पण विचारा.’

खरे तर जाणकार शोधायला लांब जायचे नव्हते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. मुंबईत खगोल मंडळ आहे, नेहरू तारांगण आहे. अशा मंडळींच्या निरीक्षणाच्या रात्री असतात. तिथे दहा वेगवेगळ्या दुर्बिणींतून पाहायला मिळते आणि आपल्याला काय हवे ते आपल्याच डोळ्यांना कळते. आम्ही आधी वस्तू घेतली आणि मग पाहायला शिकलो. उलटे करायला हवे होते.

म्हणून दुर्बीण बाजूला ठेवून महिनाभर मुलांना नुसत्या डोळ्यांनी आकाश दाखवले. इथे उर्दू शाळेचा एक फायदा झाला. जगभर वापरात असलेली ताऱ्यांची अनेक नावे अरबी आहेत आणि मुलांना त्यांचा अर्थ थोडा सांगितला की पटतो. मराठीत रोहिणी म्हणतात तो तारा म्हणजे अल्देबरान, अरबीत ‘अद्-दबरान’, पाठोपाठ येणारा. कोणाच्या पाठोपाठ? कृत्तिकांच्या. आणि कृत्तिकांचे अरबी नाव सुरय्या. वर्गात सुरय्या नावाची मुलगी आहे. आपले नाव आकाशात आहे, हे तिला त्या रात्री कळले. मृगातला रायजेल म्हणजे ‘रिज्ल’, पाय. दक्षिणेकडचा फोमलहाउट म्हणजे ‘फम अल-हूत’, माशाचे तोंड. मराठीत त्याला मीनास्य म्हणतात, अर्थ तोच!

ही नावे ज्यांनी ग्रंथांत नोंदवली त्यांच्यापैकी कोणाकडेही दुर्बीण नव्हती. अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांचा ग्रंथ लिहिला. त्यात देवयानीतल्या एका लहानशा ढगाची नोंद आहे. तो ढग म्हणजे एक स्वतंत्र आकाशगंगा, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. समरकंदच्या उलुग बेगच्या वेधशाळेत पंधराव्या शतकात हजारावर ताऱ्यांची स्थाने डोळ्यांनी मोजली गेली. दुर्बीण आली १६०८ मध्ये, हॉलंडात. मुलांना हे सांगितल्यावर एकाने विचारले, ‘मग आपण उगाच घाई केली का, सर?’ आम्ही हो म्हणालो.

फणसाच्या लाकडाची घोडी

एका विद्यार्थ्याचे अब्बू सुतारकाम करतात. त्या फजितीच्या रात्री ते मैदानात होते. एके दिवशी ते शाळेत आले आणि म्हणाले, ‘सर, नळीत दोष नाही. पाय कच्चे आहेत.’ फणसाच्या जुन्या लाकडाची एक भक्कम घोडी त्यांनी करून दिली. मजुरी घेतली नाही. आम्ही ४ मिलिमीटरचे आयपीस आणि बार्लो डब्यात बंद केले आणि २० मिलिमीटरचे लावले. ९०० भागिले २० म्हणजे ४५ पट.

त्या हिवाळ्यात गुरू रोहिणीजवळ होता आणि तिन्हीसांजेलाच पूर्वेला वर येत होता. मुलांनी डोळा लावला तर लहानशी चपटी थाळी आणि तिच्या बाजूंना एका ओळीत चार ठिपके. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले हेच ते चार चंद्र. त्याची दुर्बीण साधारण २० पटींची होती, आमची ४५. आता रांगेत कोणी गप्प नव्हते. दुसऱ्या दिवशी ठिपक्यांची जागा बदलली तेव्हा तर मुलांनी वहीत चित्रे काढायला सुरुवात केली.

साध्या लाकडाने काम होते, हे अमेरिकेत एका माणसाने आयुष्यभर दाखवले. जॉन डॉब्सन त्याचे नाव. प्लायवूडच्या साध्या बैठकीवर मोठी दुर्बीण बसवायची रीत त्याने लोकप्रिय केली. १९६८ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर उभे राहून तो आणि त्याचे सोबती येणाऱ्याजाणाऱ्यांना फुकट आकाश दाखवत. त्या पद्धतीच्या दुर्बिणीला आज जगभर डॉब्सोनियन म्हणतात. एका दुर्बिणीतून एका रात्रीत शंभर माणसे पाहू शकतात, मग प्रत्येक घरात एक पेटी माळ्यावर कशाला?

घ्यायचीच असेल तर

सेलमध्ये काही घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. मर्यादित पगारातला माणूस गरजेच्या वस्तूसाठी सेलची वाट पाहतो, तो शहाणपणाच करतो. जुने मॉडेल काढून टाकण्यासाठी दिलेली खरी सूटही असते. फक्त वस्तू आपल्या यादीत सेलच्या आधीपासून हवी. दुर्बिणीपुरते सांगायचे तर :

पटींचा आकडा वाचूच नका, पुढच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास विचारा. मग तिवई हलवून पाहा. ती डोलत असेल तर भिंग कितीही चांगले असो, उपयोग नाही.

पहिली दुर्बीण म्हणून ७ × ५० ची दोन डोळ्यांची दुर्बीण, म्हणजे बायनॉक्युलर, उत्तम. यातला ७ म्हणजे पटी आणि ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. चंद्रावरची मोठी विवरे, कृत्तिकांमधले कितीतरी तारे आणि अंधाऱ्या रात्री सूफींचा तो लहानसा ढगही त्यातून दिसतो. आकाशाची हौस टिकली नाही तरी ती पक्षी पाहायला कामी येते.

वेगळ्या रंगाच्या आणि नावाच्या अनेक दुर्बिणी चीन आणि तैवानमधल्या मोजक्याच कारखान्यांत बनतात. तेव्हा नावासाठी जादा पैसे मोजण्याआधी आकडे जुळवून पाहा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. स्वस्त पेटीत कधी कधी आयपीसवर बसवायचे काळे ‘सूर्य-फिल्टर’ येते. ते सरळ फेकून द्या. उष्णतेने ते तडकू शकते आणि क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्यासाठीचे फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर बसते, तेही खात्रीचेच हवे. चाँद पाहताना सूर्य पूर्ण मावळल्याखेरीज दुर्बीण पश्चिमेकडे वळवायची नाही, मुलांच्या हाती तर नाहीच.

आमच्या घरी आता एक नियम आहे, दोन जुम्यांचा. किराणा, औषध, फी आणि वह्या-पुस्तके सोडून काहीही घ्यायचे मनात आले की ते कागदावर लिहून फ्रीजवर लावायचे आणि दोन जुमे जाऊ द्यायचे. त्यानंतरही हवे असेल तर घ्यायचे, मग सेल असो वा नसो. बहुतेक कागद दुसऱ्या जुम्याआधी घरची मंडळीच काढून टाकतात. बायको म्हणते, हा नियम मुलांपेक्षा तुम्हालाच जास्त लागतो. तिचे खरे आहे.

दोन कोरी

२८ फेब्रुवारी २०२५. राष्ट्रीय विज्ञान दिन होता आणि शाबानची २९ तारीखही. मुले दुर्बीण आणि घोडी घेऊन शाळेच्या गच्चीवर हजर. आम्ही त्यांना आधीच सांगितले होते, की अमावास्येचा क्षण त्याच दिवशी सकाळी सव्वासहाच्या सुमाराचा आहे. मगरिबच्या वेळी चंद्र जेमतेम साडेबारा तासांचा असेल. तो डोळ्यांना दिसणार नाही आणि दुर्बिणीलाही नाही. तरी सगळ्यांनी पाहिले. दिसला नाही. कोणी खट्टू झाले नाही, कारण का दिसला नाही हे त्यांना माहीत होते.

दुसऱ्या दिवशी, १ मार्चला, सूर्य बुडाला आणि दुर्बीण नीट लावायच्या आतच खालच्या गल्लीतून आरडाओरडा झाला, ‘चाँद! चाँद!’ कोर स्वच्छ दिसत होती, नुसत्या डोळ्यांनी. थोड्या अंतरावर शुक्र लखलखत होता. मुलांनी सलाम केले, एकमेकांना मुबारक दिली. मग आम्ही दुर्बीण शुक्राकडे वळवली. त्या दिवसांत शुक्रही कोरीसारखा दिसत होता. डोळ्यांना नुसता तेजस्वी ठिपका, पण ४५ पटींत नखाच्या कडेएवढी बारीक कोर.

सातवीतल्या मुलीने डोळा लावला. या वेळी ती काही बोलली नाही. बराच वेळ बाजूलाही झाली नाही. मग धावत जाऊन जिन्यात उभ्या असलेल्या तिच्या अम्मीला हात धरून घेऊन आली. ‘अम्मी, बघ. वर अजून एक आहे.’

खाली बाजारात दिवे लागले होते आणि भोंग्यावरून रमजानच्या सेलची घोषणा चालू झाली होती. आम्ही मुलांना इशाआधी घरी जायला सांगितले, कारण त्या रात्री पहिली तरावीह होती.